गावाच्या नकाशात आपली वस्ती कुठे? : 'समाज' नावाच्या धड्याचा इतिहास

प्राथमिक शाळेत मुलांना 'समाज' शिकवण्याची एक ठरलेली पद्धत आहे. आधी माझे घर, मग शेजार, मग गाव, मग तालुका, जिल्हा आणि राज्य. शेतकरी धान्य पिकवतो, सुतार लाकडाच्या वस्तू करतो, कुंभार मडकी घडवतो, सफाई कामगार परिसर स्वच्छ ठेवतो. सगळे एकमेकांना मदत करतात आणि गाव आनंदाने नांदते. धड्याखाली प्रश्न असतो, 'तुमच्या गावातील मदतनीस कोण कोण आहेत?' मूल उत्तर लिहिते, गुरुजी बरोबरची खूण करतात आणि समाज शिकवून झाला असे सगळे मानतात.

आमचा या धड्याला आक्षेप आहे. गाव वाईट असते असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे एवढेच की सहा-सात वर्षांचे मूल समाज म्हणजे काय हे धड्यातून शिकत नाही. आपण कुठे बसतो, पाणी कोण वाढते, डबा खाताना शेजारी कोण सरकते आणि कोण सरकत नाही, यातून ते शिकते. हा आमचा तर्क नाही, महाराष्ट्रातल्या शाळांचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास हेच सांगतो. तो इतिहास आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतला पाहिजे, कारण त्याशिवाय आज लहान मुलांना काय आणि कसे शिकवायचे हे ठरवता येणार नाही.

दार उघडले, पण बसायचे कुठे?

१८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. १८५२ पासून त्यांनी महार-मांग इत्यादी अस्पृश्य मुलांसाठी शाळा चालवल्या. फुल्यांच्याच शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आजच्या भाषेत सांगायचे तर 'माझा समाज' या विषयावर एका शाळकरी मुलीने लिहिलेला हा निबंध आहे. पण त्यात आनंदाने नांदणारे गाव नाही. ज्यांना कोणताच धर्म आपला म्हणत नाही अशी माणसे त्यात आहेत, डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बाया आहेत. शिवाय मुक्ताने आणखी एक गोष्ट निर्भीडपणे लिहिली. ब्राह्मणांचे पाहून महारही मांगांना आपल्यापेक्षा खालचे समजतात, हे तिने नोंदवले. शाळकरी वयाच्या मुलीला जातीची उतरंड वरपासून खालपर्यंत दिसत होती आणि ती लिहूनही दाखवता येत होती. 'एवढ्या लहान मुलांना जात कशाला सांगायची?' असे आज जे विचारतात, त्यांनी आधी मुक्ताचा निबंध वाचावा.

फुल्यांच्या शाळा त्यांच्या हिमतीवर चालल्या. सरकारी शाळांचे काय? जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारने तो फेटाळला. एका मुलासाठी बाकीच्यांच्या शिक्षणावर पाणी पडेल, अशी त्यामागची भीती होती. मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयी १९२८ मध्ये केलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी या अर्जाचा दाखला मुद्दाम दिला. पुढे सरकारने तत्त्व म्हणून सर्वांना प्रवेश मान्य केला. १८८२ च्या हंटर आयोगानेही तत्त्व मान्य केले, पण जिथे विरोध होईल तिथे अशा मुलांसाठी वेगळ्या शाळांना उत्तेजन द्यावे असा मार्ग सुचवला. म्हणजे कागदावर दार उघडे आणि प्रत्यक्षात बसायची जागा वेगळी. याच आयोगापुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीरावांनी आपले निवेदन सादर केले. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा आणि शिक्षक शेतकरी-कष्टकरी वर्गातून घ्या, अशी त्यांची मागणी होती. शिक्षक कुठून येतो यावर मुलाला समाज कसा दिसेल हे ठरते, हे जोतीरावांना तेव्हाच कळले होते.

गोणपाट आणि नळ

साताऱ्याच्या शाळेतला बालक भीमरावांचा अनुभव आपल्याला माहीत आहे, पण तो आपण नेहमी दुःखाची गोष्ट म्हणून सांगतो. तो शिक्षणाची गोष्ट म्हणूनही वाचला पाहिजे. बसायला घरून गोणपाट न्यायचे आणि शाळा सुटल्यावर ते परत आणायचे, कारण शाळेचा नोकर त्याला हात लावणार नाही. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही, शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसेल तर पाणी नाही. केस कापायला न्हावी तयार नाही, म्हणून बहिणीने केस कापायचे.

त्या वर्गातली बाकीची मुले या सगळ्यातून काय शिकत होती? त्यांच्या पुस्तकात जात शिकवणारा धडा असण्याची गरजच नव्हती. रोज एक मुलगा कोपऱ्यात गोणपाटावर बसतो, हा रोजचा धडा होता. परीक्षा न घेता पाठ झालेला आणि जन्मभर न विसरलेला. जात अशी शिकवली जाते. म्हणून जात मोडण्याचे शिक्षणही नुसत्या पाठांतराने होणार नाही, ते रोजच्या व्यवहारातूनच व्हावे लागेल.

हे ओळखून काम केलेली माणसेही याच महाराष्ट्रात झाली. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये मुंबईत परळला अस्पृश्य मुलांची शाळा सुरू केली. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. हा दुसरा हुकूम आम्हाला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. पहिल्याने मूल शाळेत आले, दुसऱ्याने ते इतर मुलांच्या शेजारी आले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह काढले. तिथे सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र काम करत आणि एका पंगतीला जेवत. त्या मुलांना 'समाज' हा धडा वेगळा शिकवण्याची गरज नव्हती.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव होता. पाणवठा आणि शाळा एकाच ठरावात आले हा योगायोग नव्हता. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता, सगळ्यांचे म्हणून जे आहे त्यात आपण आहोत की नाही? त्या ठरावाची अंमलबजावणी व्हावी म्हणून २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर जावे लागले. तळ्याचे पाणी हा समाजशास्त्राचा धडा होता आणि तो बाबासाहेबांनी ओंजळीने शिकवला.

शेजारी राहणे म्हणजे समाज नव्हे

बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकले. तिथे जॉन ड्युई त्यांचे प्राध्यापक होते. ड्युई यांनी १८९६ मध्ये शिकागोत लहान मुलांची प्रयोगशाळा चालवली होती. तिथे मुले स्वयंपाक, शिवण, सुतारकाम अशी कामे मिळून करत आणि त्यातून समाज समजून घेत. शाळा हाच एक छोटा समाज असावा, हे ड्युई यांचे म्हणणे होते. पुढे 'डेमॉक्रसी अँड एज्युकेशन' या १९१६ च्या ग्रंथात त्यांनी लोकशाहीचा अर्थच मिळून जगण्याची रीत असा मांडला.

बाबासाहेबांनी हा विचार घेतला आणि जातीच्या वास्तवावर लावून पाहिला. १९३६ च्या 'जातिसंहार' ग्रंथात ते सांगतात की जवळजवळ राहिल्याने माणसांचा समाज होत नाही. सवयी, चालीरीती, सण सारखे असल्यानेही होत नाही. सगळ्या जाती तेच सण साजरे करतात, पण आपापल्या जागी. अशा समांतर कृतीने माणसे बांधली जात नाहीत, सामायिक कृतीत भागीदार झाल्यानेच समाज बनतो. एकाचे यश आणि अपयश जेव्हा दुसऱ्याला आपले वाटते, तेव्हा समाज तयार होतो.

हा मुद्दा लहान मुलांच्या बाबतीत सहज पटतो. अंगणवाडीतली दोन-तीन वर्षांची मुले शेजारी बसून आपापली खेळणी खेळतात. मोठी होता होता ती एकच खेळ मिळून खेळू लागतात, त्यासाठी नियम ठरवतात, त्यावरून भांडतात आणि परत जुळवून घेतात. जातीने इथल्या माणसाला पहिल्याच पायरीवर रोखून धरले. सारे शेजारी, पण खेळ ज्याचा त्याचा.

आता सुरुवातीच्या धड्याकडे पुन्हा पाहू. गावातले 'मदतनीस' हे चित्र कुठून आले? ते गावगाड्याच्या जुन्या कल्पनेतून आले. त्रिं. ना. आत्रे यांच्या १९१५ च्या 'गावगाडा' या पुस्तकात बलुतेदारांची ती सगळी रचना तपशिलाने आली आहे. पण बलुतेदार म्हणजे मदतनीस नव्हे. मदत करणारा माणूस 'आज जमणार नाही' असे म्हणू शकतो. गावाची राखण, सरकारी सांगावे पोहोचवणे, मेलेली जनावरे ओढणे ही महारांवर लादलेली कामे नाकारायची सोय नव्हती. वतनाच्या नावाखाली रात्रंदिवस राबवायचे आणि मोबदला मात्र दुसऱ्याच्या मर्जीवर, अशी ती गुलामी होती. म्हणूनच १९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. ही कनिष्ठ वतने कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावे लागले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत गावाचे गोडवे गाणाऱ्यांना त्यांनी जे सुनावले, ते याच अनुभवातून. संविधानाने व्यक्तीला घटक मानले, गावाला नाही. आणि आपली पुस्तके मात्र अजून तिसरीतल्या मुलाला गाव हे एक सुखी कुटुंब म्हणून दाखवतात!

मग लहान मुलांना शिकवायचे काय?

यावर आपल्यातले काही जण म्हणतील, विहारात आपण रविवारचे बालसंस्कार वर्ग घेतोच की. घेतो, आणि घेतलेच पाहिजेत. पण बहुतेक ठिकाणी त्यात त्रिशरण-पंचशील पाठ करून घेणे आणि बाबासाहेबांच्या जीवनातल्या तारखा विचारणे एवढेच होते. तारखा पाठ झाल्याने मूल बक्षीस मिळवेल, पण समाज म्हणजे काय हे त्याला कळेलच असे नाही. सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी आम्हाला पुढील चार गोष्टी आवश्यक वाटतात.

पहिली, नकाशा. मुलांना आपल्या गावाचा किंवा वस्तीचा नकाशा काढायला सांगा. मूल देऊळ, शाळा, बाजार काढेल. मग विचारा, नळ कुठे आहे? पक्का रस्ता कुठपर्यंत येतो? स्मशानभूमी किती आहेत? दिवे कुठे लागतात? उत्तर आपण सांगायचे नाही, मुलांनी चालत जाऊन पाहायचे. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. नाव बदलले हे चांगलेच झाले. पण नकाशावरची जागा बदलली का, नळ जवळ आला का, हे सात वर्षांचे मूलही पावले मोजून सांगू शकते.

दुसरी, काम. कोण कोणते काम करतो याची यादी करून थांबू नये. ते काम करणाऱ्याला पगार किती, सुट्टी कधी, हातमोजे मिळतात का, आणि त्याच्या मुलाला दुसरे काम करता येईल का, हेही विचारावे. गटार साफ करणारा माणूस 'मदतनीस' नाही, तो कामगार आहे आणि त्याला हक्क आहेत. काम जन्मावरून ठरत नाही, हे वाक्य पाठ करून घेण्यापेक्षा वर्ग झाडण्याची पाळी मुलगा-मुलगी, जात-पात न पाहता सगळ्यांना लावली तर जास्त लवकर कळते.

तिसरी, गोष्ट. १९०१ मध्ये भीमराव, त्यांचे भाऊ आणि बहिणीची मुले अशी मंडळी वडिलांना भेटायला रेल्वेने मसूरला उतरली. वडिलांना पत्र वेळेवर कळले नव्हते. जात कळताच बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनीच गाडी हाकली आणि गाडीवान बाजूने चालत आला. जवळ डबा होता, पण पाणी कोणी देईना, म्हणून रात्रभर उपाशी राहावे लागले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मधली ही आठवण केंद्रीय अभ्यासक्रमाच्या जुन्या पुस्तकात मूल सहावीत गेल्यावर भेटत असे. ती दुसरी-तिसरीतच का सांगू नये? गाडी, बैल, अंधार, तहान यातले मुलांना न कळणारे काय आहे? गोष्ट संपल्यावर एकच प्रश्न विचारा, 'तू त्या गावात असतास तर काय केले असतेस?' हा प्रश्न सवर्ण मुलालाही विचारता येतो आणि आपल्या मुलालाही. एकाला त्यातून जबाबदारी कळते, दुसऱ्याला आपली किंमत. तशीच उपालीची गोष्ट. शाक्य राजपुत्रांनी आपला न्हावी उपाली याला आधी संघात घ्यावे अशी बुद्धांना विनंती केली, म्हणजे तो त्यांच्यापेक्षा ज्येष्ठ होईल आणि त्यांना त्याला वंदन करावे लागेल. संघ हाही एक समाजच होता, पण तिथे मान जन्मावरून मिळत नव्हता.

इथे एक पथ्य कडकपणे पाळले पाहिजे. कोणत्याही मुलाला वर्गात उभे करून 'तुझी जात कोणती, तुला कसे वागवतात?' असे विचारायचे नाही. ते शिक्षण नाही, दुसरा अपमान आहे. प्रश्न व्यवस्थेला विचारायचा, पोराला नाही.

चौथी, पंगत. शाळेतला मध्यान्ह भोजनाचा तास हा समाज शिकवण्याचा सर्वांत मोठा तास आहे. १९९५ मध्ये ही योजना सुरू झाली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. २० एप्रिल २००४ च्या आदेशात न्यायालयाने स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्यावे असेही सांगितले. या आदेशामागचा विचार लक्षात घ्या. आपल्या आईसारखी एक बाई शिजवते आणि सगळ्या जातींची मुले तिच्या हातचे खातात, हा जातिअंताचा रोजचा धडा आहे. तुमच्या गावात पंगत एकच बसते का? वाढते कोण? ताटल्या वेगळ्या नाहीत ना? हे पाहायला कार्यकर्त्याने महिन्यातून एकदा तरी शाळेत जावे. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांना जागा आहेत, तिथे आपल्या आयाबापांनी बसावे आणि बोलावे.

शाळाच एकत्र राहिली नाही तर?

हे सगळे करण्यासाठी सगळी मुले एका वर्गात असावी लागतात. आज नेमके तेच संपत चालले आहे. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने शेजारशाळेची, म्हणजे एका परिसरातल्या गरीब-श्रीमंत सगळ्या मुलांनी एकाच शाळेत शिकण्याची शिफारस केली होती. ती कधी अमलात आली नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि खाजगी शाळांत २५ टक्के जागा मिळाल्या, पण त्यातही ओढाताण चालूच आहे. ज्याला परवडते तो पोराला फीच्या शाळेत घालतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत उरतात ती आपली, आदिवासींची, भटक्या-विमुक्तांची आणि मजुरांची मुले. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार सरकारने पुढे आणला. म्हणजे वाडी-वस्तीवर उरलेली तीही शाळा लांब जाणार. शाहू महाराजांनी १९१९ मध्ये बंद केलेल्या वेगळ्या शाळा शंभर वर्षांनी फीच्या मार्गाने परत आल्या आहेत. गोणपाट गेले, पण मुलाला वेगळे बसवण्याचे काम आता शाळेची पावती करते.

म्हणून मित्रांनो, जिल्हा परिषदेची शाळा वाचवणे हा आपल्यासाठी केवळ शिक्षणाचा प्रश्न नाही, बंधुतेचा प्रश्न आहे. बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता वरवरच्या रंगासारख्या राहतील, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी दिला होता. बंधुता चाळिसाव्या वर्षी भाषण ऐकून येत नाही. ती सहाव्या वर्षी एका सतरंजीवर बसून येते.

आणि हे काम आपल्या दारापासून सुरू होऊ शकते. विहारातला रविवारचा वर्ग फक्त बौद्ध मुलांचा का असावा? शेजारची मातंग, चर्मकार, वडार, मुस्लिम, मराठा मुले त्या सतरंजीवर का येऊ नयेत? मुक्ता साळवेने १८५५ मध्ये आपल्यातल्याच उतरंडीवर बोट ठेवले होते. तिला उत्तर देण्याची जबाबदारी आपल्या पिढीवर आहे. दार उघडे ठेवा, मुलांना बोलवा, त्यांना नकाशा काढू द्या आणि प्रश्न विचारू द्या. उद्या त्यांच्यापैकी एखादे पोर शाळेत उभे राहून विचारेल, 'गुरुजी, पुस्तकातल्या गावात आमची वस्ती कुठे आहे?' त्या दिवशी समाज नावाचा धडा खऱ्या अर्थाने सुरू होईल.

जय भीम! जय संविधान!